मनुक्यांच्या खोक्यातली लेक

२ फेब्रुवारी १९२७, बुधवार

बाप झालो.

पुन्हा एकदा लिहितो, लिहायला बरं वाटतंय. मी, जेथ्रो हॅनकॉक्स, नेदर फॅरिंग गावचा पाववाला, बाप झालो. आत्यानं ख्रिसमसला ही वही दिली तेव्हा मी तिला म्हणालो होतो की पाववाल्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय असतं, आज पीठ, उद्या पीठ. म्हणून महिनाभर पानं कोरीच राहिली. आता बघ म्हणावं.

पोरगी यायची होती ईस्टरला आणि आली आज. घाई माझ्यावर गेलीय. पहाटेचे पाव भट्टीतून काढत होतो तेवढ्यात वरून माझ्या बायकोची, लेटीची हाक आली, आणि नर्स टिम्स सायकल दामटत येईपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. नर्सनं माझ्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं, बाईंनी चुकून नुसता टॉवेलच दिला. उघडून बघतो तर आत माणूस. डोकं माझ्या तळहातावर आणि पाय कोपराच्या पुष्कळ अलीकडे संपलेले. पण सगळं जिथल्या तिथं. नखंसुद्धा आहेत! तिळाएवढी, पण आहेत.

दुपारी सासूबाई आल्या, शेजारच्या गावाहून, चिखलातून चालत. नर्सला वजन करायचं होतं आणि खाली दुकानात माझा तराजू आयताच मांडलेला. सासूबाई तराजूच्या आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तोललेलं मूल बाळसं धरत नाही, पारड्याला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. बरं बाई, नाही तोलत. पण पंधरा वर्षं पिठाचे गोळे उचललेल्या हाताला आपोआप कळतं, त्याला मी काय करू? दोन पौंडी पावाहून जड, चार पौंडीहून पुष्कळ हलकी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सासूबाईंना विचारलं, आई, किती दिवस राहणार? म्हणाल्या, "लागतील तेवढे. फार लागायचे नाहीत." मी म्हटलं, छे छे, आरामात राहा.

४ फेब्रुवारी

लेटीची खोली थंडगार म्हणून पोरीला खाली भट्टीशेजारी आणायचं ठरलं. पण सासूबाई म्हणाल्या, जन्मलेलं मूल आधी वर न्यायचं, मग खाली, नाहीतर आयुष्यभर उतरतच जातं. वर तर फक्त छप्पर. मग मी तिला घेऊन खुर्चीवर चढलो, तुळईला डोकं आपटलं, आणि मगच जिना उतरलो. टेंगूळ आलंय. लेटी हसली, पोरीच्या जन्मानंतर पहिल्यांदा. तेवढ्यासाठी मी आणखी चार तुळया शोधून ठेवल्या असत्या.

मनुक्यांचं रिकामं खोकं, त्यात कापूस, वर फ्लॅनेल. भट्टीच्या डाव्या अंगाला जिथं मी पीठ फुगत ठेवतो तिथं खोकं ठेवलं. जास्त ऊब लागली तर पीठ खचतं, कमी लागली तर बसून राहतं, हे मला कुणी शिकवायला नको. दर थोड्या वेळानं जाऊन हात घालून बघतो. पोरीला मनुक्यांचा वास येतो. जगात यापेक्षा चांगला वास नाही, अगदी ताज्या पावाचासुद्धा नाही, आणि हे एक पाववाला लिहितोय.

तिला दूध ओढता येत नाही. माझ्या पेनात शाई भरायचा ड्रॉपर सासूबाईंनी उकळून पळवला आणि लेटीचं दूध थेंबथेंब तिच्या तोंडात सोडलं. म्हणून आज पेन्सिलीनं लिहितोय.

६ फेब्रुवारी, रविवार

नावाचा वैताग आहे. नाव आम्ही ठरवलंय, मी आणि लेटीनं, आणि असलं दणदणीत की घोड्यावर बसवून मिरवावं. पण चर्चमध्ये पाणी पडेपर्यंत नाव ओठावर आणायचं नाही, इथली रीतच आहे. मी या वहीतही लिहिणार नाही. पोट फुगलंय माझं.

नाव नाही म्हटल्यावर जो तो आपापल्या गावचा शब्द घेऊन येतोय. एनॉक धनगर आला, त्याच्या टेकड्यांवर आई नसलेल्या, चुलीपाशी वाढवलेल्या कोकराला ‘टिडलिंग’ म्हणतात. खोक्यात डोकावून म्हणाला, काय गं टिडलिंग. पोस्टमन क्रटनडेन केंटकडचा. तो म्हणाला, आमच्याकडे विणीतल्या सगळ्यात लहान पिल्लाला ‘टॅन्टनी’ म्हणतात, ते संत अँथनीच्या नावानं सोडलेलं असतं, त्याला कुणी हात लावत नाही. नर्स टिम्सच्या लिंकनशायरात ‘टिडी’. पाद्री ऑडलीसाहेब पुस्तकी माणूस, त्यांनी चष्मा पुसून ‘मिनिकिन’ काढला, तीनशे वर्षांपूर्वीचा. आमच्या लोकांना एवढंसं काही दिसलं की जिभेवर शब्दांचं पीकच येतं. मोठ्या गोष्टींना मात्र एकच शब्द, मोठं.

मी सगळ्यांनी हाक मारून बघतो. टिडलिंग म्हटलं की डावी भुवई हलते. मिनिकिनला शिंकली. शिंक केवढी, मोहरी उडाल्याएवढी.

आणि लोक काय मान देतात! पुरुष टोपी काढून उभे राहतात. क्रटनडेननं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मी प्रत्येकाला ईस्टरच्या बारशाचं आमंत्रण देतो, सायडरचं पिंप सांगून ठेवलंय. आमंत्रण ऐकलं की खाली बघतात. लाजाळू माणसं आमच्या गावची.

एकट्या सासूबाई काही म्हणत नाहीत. टिडलिंग नाही, चिमणी नाही, काही नाही. ‘ते’ म्हणतात. ते प्यायलं का. ते गार पडलंय का. सख्खी नात, आणि ‘ते’!

९ फेब्रुवारी

आमची डुकरीण व्याली. अकरा झाली, आणि अकरावं म्हणजे उंदराच्या बरोबरीचं. असल्या शेवटच्या किडमिड्या पिल्लाला आमच्याकडे ‘डिलिंग’ म्हणतात. बाकीची दहा त्याला आईपाशी पोचूच देईनात. सासूबाईंनी ते एप्रनखाली घातलं, आणलं, आणि भट्टीच्या उजव्या अंगाला चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. आता डावीकडे माझी लेक आणि उजवीकडे डुक्कर. दोघांचा ड्रॉपर वेगळा आहे, हे लेटीला तीनदा सांगावं लागलं.

शेजारची मिसेस टस्टेन खोक्यात बघून हळूच म्हणाली, "हीसुद्धा डिलिंगच की गं." सासूबाई अशा अंगावर गेल्या तिच्या! म्हणाल्या, डुकराचा शब्द माणसाच्या लेकराला लावायचा नाही, मी आहे तोवर तरी नाही. मिसेस टस्टेन अंडी ठेवून निघून गेली. मला तर शब्द वाईट वाटला नाही, पण मी अंडी उचलून आत ठेवली.

१२ फेब्रुवारी

पाद्रीसाहेब पुन्हा आले, काळा झगा आणि बाटलीत पाणी घेऊन. म्हणाले, हॅनकॉक्स, आपण बाप्तिस्मा इथंच उरकून घेऊ, आज, आत्ता. मी म्हटलं, साहेब, पिंप सांगितलंय, केकसाठी मनुका भिजत घालायच्यात, आणि तुम्ही स्वयंपाकघरात उरकताय? ते म्हणाले थांबण्यात धोका आहे. मी म्हटलं, कसला, पावसाचा? भिजलो तर भिजलो. पाद्रीसाहेब माझ्याकडे बघतच राहिले, मग लेटीकडे वर जायला निघाले.

जिन्याशी सासूबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "घरात पाणी घालायला माझ्याकडे दोनदा आला होता तुमच्यातलाच एक, लेटीच्या आधी. तिसऱ्यांदा नको. ते चर्चला जाईल स्वतःहून." पाद्रीसाहेब निमूट परत गेले. मला काही उलगडा झाला नाही. पाद्री लोक चहाला तर सगळ्यांकडेच येतात. पण सासूबाईंनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली, म्हणून त्यांना सगळ्यात चांगला, कडेचा खरपूस पाव दिला.

१७ फेब्रुवारी

गंमत! फ्लॅनेल शोधायला सासूबाईंच्या पेटीत हात घातला तर तळाशी एक पांढरा झगा. इवलासा. लेसची किनार, टाके असे की डोळे फुटावेत, आणि कापड जुनं, पिवळट पडलेलं, घडीवर घडी. बाहुलीला घालावा एवढा. मी आनंदानं ओरडलोच, आई, तुम्ही बारशाचा झगासुद्धा आणलाय, आणि बरोबर मापाचा! बोलला नाहीत ते!

त्यांनी झगा माझ्या हातातून हिसकावून घेतला. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. म्हणाल्या, जागच्या जागी ठेवावं माणसानं. मला वाटतं त्यांना अचानक दाखवायचा असेल आणि मी विचका केला. मी नेहमीच असा मधे पडतो.

२० फेब्रुवारी, रविवार

आज भट्टीपाशी बसूनच लिहितोय.

दुपारी खोक्यात हात घातला, ऊब बरोबर होती. पण ती हलेना. ओठ निळे. मी तिला उचललं आणि मला काहीच सुचलं नाही, पंधरा वर्षं या भट्टीपाशी काढली आणि मी नुसता उभा. सासूबाईंनी ओढून घेतलं, पाठीवर बोटांनी चोळलं, पायाच्या तळव्यावर टिचकी, पुन्हा चोळलं. मला म्हणाल्या, तो बन काढ. गेल्या गुड फ्रायडेचा बन तुळईला टांगलाय, दुखण्यावर उतारा म्हणून दर वर्षी टांगतो, दगडासारखा होतो पण बुरशी येत नाही. तो किसला, चिमूटभर कोमट दुधात कालवला, आणि तिनं डोळे उघडल्यावर ड्रॉपरनं एकच थेंब तिच्या ओठावर.

तिनं तो चाटला.

मी मागच्या अंगणात जाऊन डुकरांच्या कुंपणाला धरून रडलो. खरं लिहायचं तर, मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. मूर्ख नाही मी. हाताला वजन कळतं माझ्या. पण घरात एकानं तरी बारशाचं बोलत राहायला नको का? मी गप्प बसलो तर लेटी वर पडल्यापडल्या काय ऐकेल?

२१ फेब्रुवारी

आहे.

२२ फेब्रुवारी

आहे! आणि माझं बोट धरलं. बोट कसलं, बोटाचं टोक.

१ मार्च, मंगळवार

धिरड्यांचा मंगळवार, उद्यापासून उपासाचे दिवस. अख्खं गाव तव्यापाशी. मी धिरडं इतकं उंच उडवलं की ते तुळईवरच राहिलं. अजून तिथंच आहे. आणि आजचाच दिवस साधून पोरीनं ड्रॉपर थुंकून टाकला आणि लेटीच्या अंगाला लागून स्वतः ओढलं. चूसचूस आवाज आला. मी जिन्यावर बसून तो आवाज ऐकत होतो, दुकानात गिऱ्हाईक घंटी वाजवून वाजवून दमलं. वाजव म्हटलं.

क्रटनडेननं केंटहून आलेल्या बहिणीच्या पत्रातून आणखी दोन शब्द आणले. आता सगळे मिळून इतके झालेत की माझी लेक म्हणजे गावातली सगळ्यात लांब नावाची बाई.

१४ मार्च

डुकराचं पिल्लू गोठ्यात परत पाठवलं. तब्येतीनं असं झालंय की भावंडांना ढुशा देतं. बरं झालं, मला त्या टोपलीचा रागच आला होता. काय सांगायचं, गेला महिनाभर पहाटे भट्टी पेटवायला मी उतरतो तेव्हा सासूबाई आधीच खाली असतात, पाठ माझ्याकडे, आणि चाललेलं असतं, डिलिंग गं, माझी डिलिंग, खा गं थोडंसं, राहा गं माझ्या राणी. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मऊ, लोण्यासारखा. डुकराला राणी, आणि नातीला ‘ते’! मी लेटीकडे तक्रार केली. लेटी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच टोपलीतला आहे. म्हणाली, "जेथ्रो, तू पाव भाज."

२२ मार्च

सासूबाईंचं वय दिसायला लागलं. पिल्लू जाऊन आठवडा झाला, टोपलीसुद्धा मी जाळली, आणि आज पहाटे उतरतो तर तेच, डिलिंग गं, माझी डिलिंग. मी खाकरलो. त्या दचकल्या आणि म्हणाल्या, ते जागं आहे, घे. मी तिला घेतलं. विसर पडतो म्हाताऱ्या माणसांना. काळजी वाटते.

काळजी यासाठी की धर्ममाता त्यांनाच करायचा लेटीचा हट्ट आहे. मुलीला दोन धर्ममाता लागतात, एक नर्स टिम्स, आणि नाव सांगायचा मान सासूबाईंना. पाद्री विचारतात, नाव सांगा, आणि धर्ममाता जे बोलेल तेच लागतं, पाणी पडलं की देवसुद्धा बदलत नाही. मी लेटीला म्हटलं, ज्या बाईनं सात आठवड्यांत एकदाही लेकराला धड हाक मारली नाही ती एवढं मोठं नाव घेणार? लेटी म्हणाली, घेईल.

१५ एप्रिल, गुड फ्रायडे

हात गळालेत. अख्ख्या पंचक्रोशीला क्रॉसचे बन माझेच. खोकं आता पुरत नाही, पाय बाहेर येतात, म्हणून पोरगी माझ्या पीठ मळायच्या जुन्या काठवटीत झोपली होती आणि मी मळताना तिच्याकडे बघून गात होतो. आवाज माझा बरा नाही, पण ती हसली. लेटी म्हणते गॅस. म्हणू दे.

पहिला बन तुळईला टांगला. जुना, किसलेला, अर्धा उरलेला, काढून टाकणार होतो तर सासूबाईंनी मागून घेतला आणि रुमालात बांधला.

१६ एप्रिल

उद्या! सायडर आलं, केक झाला, कोट ब्रशनं झाडला. आणि घरात आज भलतंच काहीतरी झालं, ते लिहून ठेवतो.

संध्याकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी पेटी उघडली आणि तो पांढरा झगा स्वतः होऊन बाहेर काढला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, त्यांचा अचानकपणा पुन्हा बिघडू नये म्हणून. त्यांनी पोरीचा एक हात बाहीत घातला. दंडाशी अडकला. दुसरा घातला, तोही अडकला. मान तर त्या गळ्यातून जाणंच शक्य नव्हतं. पोरीनं लाथ मारली आणि एक शिवण टर्रकन उसवली.

मला हळहळ वाटली, एवढं बारीक काम! म्हटलं, आई, वाईट वाटून घेऊ नका, आपण उशीर केला म्हणून लहान झाला. तर सासूबाई हसत होत्या. हसत होत्या आणि नाक पुसत होत्या, आणि लेटी त्यांच्या गळ्यात पडली, आणि दोघी खुर्चीवरून पडायच्या बेतात. मग सासूबाईंनी झगा भट्टीपाशी नेला आणि आत टाकला. लेससकट! लहान झालेल्या कपड्याचा एवढा आनंद झालेली माणसं मी दुसरी बघितली नाहीत. बायकांचं बायकांना ठाऊक. पण मीही हसलो. मला कुणी हसताना दिसलं की राहवत नाही.

उद्या ती लेटीच्या लग्नाच्या झग्याच्या झालरीत गुंडाळून जाणार.

१७ एप्रिल, ईस्टर

ओळीनं लिहितो, नाहीतर गडबड होईल.

चर्चच्या वाटेवर, फाटकाच्या आत पाऊल पडल्यावर, मी सासूबाईंच्या कानात नाव सांगितलं. तिन्ही शब्द. म्हटलं, म्हणून दाखवता का? त्या म्हणाल्या, एकदा ऐकलं की पुरे. ऊन पडलं होतं. मी म्हटलंच होतं पडेल.

सगळे आले होते, टोप्या हातात, पण आज कुणी खाली बघत नव्हतं. एनॉकनं कोकराच्या लोकरीचे मोजे आणलेले. पाद्रीसाहेबांनी पोरीला घेतलं, तिचा भार हातावर पडल्यावर जरा थांबले, माझ्याकडे बघून हसले. मग म्हणाले, "या बालिकेचं नाव सांगा."

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी ओठांनी पहिलं अक्षर जुळवत होतो त्यांच्यासाठी.

"डिलिंग," त्या म्हणाल्या.

पाद्रीसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि हळूच पुन्हा विचारलं. सासूबाईंनी ताठ मानेनं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. आणि आवाज तोच, पहाटेचा, लोण्यासारखा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या पहाटे मी त्या भट्टीपाशी उतरलो, इतकं ऐकलं, आणि एकदाही बघितलं नाही की सासूबाईंची पाठ कुठल्या बाजूला आहे आणि तोंड कुठल्या. डावीकडे होतं. नेहमी डावीकडे. मिसेस टस्टेनवर धावून गेलेली हीच बाई.

पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी लेटीकडे, लेटी रडत मान हलवत होती, हो हो म्हणून. मीही हलवली. पाणी पडलं, आणि माझी लेक, जिचा आवाज आजवर मांजरीपलीकडे गेला नव्हता, अशी किंचाळली की घंटेच्या मनोऱ्यातली कबुतरं उडाली. नर्स टिम्सनं टाळीच वाजवली. रडलं की सैतान बाहेर पडतो. आमचा तर गाव सोडूनच गेला असणार.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, आई, नाव विसरलात का? खरं सांगा.

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे तुमचं नाव. पण त्या नावानं हिला कोण ओळखतं? ज्या नावानं राहा राहा म्हटलं, त्याच नावानं राहिली. आता मधेच बदलायचं नाही."

मी त्यांना अख्ख्या गावासमोर मिठी मारली आणि त्यांच्या टोपीवरचं शोभेचं पाखरू मोडलं.

तर, डिलिंग हॅनकॉक्स. लिहिलं. कितीदाही लिहू शकतो आता. डिलिंग, डिलिंग, डिलिंग. आणि ते दुसरंही सांगायला आता कुणाची बंदी नाही, अलेक्झांड्रा ऑगस्टा व्हिक्टोरिया. अडीच महिने पोटात ठेवलं आणि न वापरता उरलं. लेटी म्हणाली, पुढच्या वेळी. सासूबाई म्हणाल्या, कशाला, गोठ्यातल्या त्या धाकट्या डुकरिणीला द्या, आता तिला शोभेल. दिलं. अलेक्झांड्रा ऑगस्टा व्हिक्टोरियानं संध्याकाळी उरलेला अर्धा केक खाल्ला.

सगळे गेल्यावर भट्टीपाशी बसलो होतो, सासूबाईंच्या मांडीवर ती झोपलेली. मी विचारलं, आई, आता किती दिवस राहणार?

"लागतील तेवढे," त्या म्हणाल्या. "फार लागतील असं दिसतंय."

मी म्हटलं, आरामात राहा.